सहा फुटांचं ऊन

नागपूर, 28 मार्च

गच्चीवर कापडी शेड सेल ताणायचं, हे घरात ठरलं. वरच्या खोलीत माझी शिकवणी चालते. मुलं चारला येतात आणि खोलीचं एकुलतं एक दार पश्चिमेला गच्चीवर उघडतं. दोन-तीन दुकानांत विचारलं, तर सगळीकडे पहिला प्रश्न एकच: "किती बाय किती?" माझ्या मते त्याआधी विचारायला हवं, सावली किती वाजता हवी?

म्हणून आज मुलांना कामाला लावलं. दहा फुटी बांबू रेतीच्या बादलीत ओळंब्याने उभा केला आणि दर तासाला त्याच्या सावलीच्या टोकाशी खडूने फुली मारली. बाराला सावली सव्वातीन फूट, जवळपास सरळ उत्तरेला. दोनला सहा फूट. तीनला सव्वानऊ. चारला पंधरा. पाचला सावली गच्ची ओलांडून खोलीच्या भिंतीवर चढली.

दहा फुटांवर बांधलेल्या कापडाचा प्रत्येक कोपरा याच फुल्यांच्या वाटेने सावली टाकणार. कापड दाराच्या बरोबर वर ताणलं, तर चार वाजता त्याची सावली खोलीच्या भिंतीवर चढलेली असेल आणि दाराशी बसलेली मुलं उन्हात. दुपारनंतरची सावली हवी, तर कापड पश्चिमेकडे सरकवायला हवं.

मार्चमधल्या या फुल्या मेमध्ये मात्र जशाच्या तशा उपयोगाच्या नाहीत. आत्ता चार वाजता सूर्य पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला असतो, मेच्या उत्तरार्धात त्याच वेळी तो पश्चिमेच्या उत्तरेला गेलेला असेल. म्हणजे खरा तापदायक सूर्य वायव्येकडून येणार. मुलांना वहीत दोन्ही दिशा काढायला लावल्या.

2 एप्रिल

सासूबाईंची अट एकच, पण पक्की: "माझं वाळवण सावलीत जाता कामा नये." कुरोड्या, मूगवड्या, साबुदाण्याचे पापड यांना सकाळचं कडक ऊन लागतं आणि मार्च-एप्रिल हाच त्यांचा मोसम. ऊन कमी पडलं की कुरोडी आतून ओलसर राहते आणि डब्यात तिला वास येतो. हे त्यांचं म्हणणं मी हिशेबात सगळ्यात वर लिहिलं.

संध्याकाळी आलेखाच्या कागदावर गच्ची मांडली. पूर्व-पश्चिम सोळा फूट, दक्षिण-उत्तर चौदा. पूर्वेला खोलीची भिंत, दार उत्तरेच्या अंगाला. कापड पश्चिमेच्या कठड्यापासून दहा फुटांपर्यंत आणायचं आणि खोलीच्या भिंतीपर्यंतची सहा फुटांची पट्टी उघडी ठेवायची, असं धरून पाहिलं. कापडाची पूर्वेकडची कड आणि खोलीचं छत, दोन्ही दहा फुटांवर. दोघांच्या सावल्या सारख्याच सरकणार, म्हणजे त्यांच्यामधल्या फटीतून उतरणारं ऊनही कायम सहा फूट रुंद राहणार. सकाळी ते कठड्याशी असेल, मग पूर्वेकडे सरकत बाराच्या सुमारास दाराशी येईल आणि दोननंतर भिंतीवर चढून नाहीसं होईल.

आईंना कागद दाखवला. त्यांनी बोट फिरवत विचारलं, "म्हणजे बाज उन्हामागे सरकवत जायची?" तसंच. एरवीही त्या दर तासाला वाळवण हलवतातच.

वायव्येचा कोपरा सात फुटांवर ठेवायचा, बाकीचे तीन दहा फुटांवर. खाली उतरलेला कोपरा नेमका मेमधल्या उतरत्या सूर्याच्या वाटेत येईल. चारला दाराशी सावली राहील, पण साडेचारनंतर ऊन कापडाच्या खालून शिरेलच. आडवं कापड मावळतीचं ऊन अडवू शकत नाही, त्याला उभा पडदाच हवा. त्याची तरतूद वेगळी.

5 एप्रिल

शेजारच्या काकांचं सगळं आयुष्य बांधकाम खात्यात गेलं. त्यांना कागद नेऊन दाखवला. सावलीचा भाग त्यांनी झटकन पाहिला आणि विचारलं, "बेटा, हे बांधणार कशाला?"

मग त्यांनी वाऱ्याचा हिशेब मांडला. आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात प्रत्येक प्रदेशासाठी वाऱ्याचा मूळ वेग दिलेला आहे. पुण्याला तो सेकंदाला 39 मीटर, मुंबईला आणि आपल्या नागपूरला 44 मीटर. म्हणजे ताशी साधारण 158 किलोमीटरचा झोत. तो रोज येत नाही, पण बांधणारा माणूस तोच धरून चालतो. वेगाचा वर्ग करून 0.6 ने गुणलं की दाब मिळतो: चौरस मीटरला 1162 न्यूटन, म्हणजे जवळपास 118 किलो. आमचं कापड अंदाजे दहा चौरस मीटर. बाराशे किलोंच्या आसपास जोर झाला. विणीतून हवा जाते म्हणून प्रत्यक्षात तो कमी भरेल, पण काकांनी ती सूट धरू दिली नाही.

शिवाय हा जोर चार कोपऱ्यांत सरळ भागून मोकळं होता येत नाही. वाळत घालायची दोरी जितकी ताठ ओढाल, तितकं मधल्या एका ओल्या चादरीचं वजन टोकाच्या खिळ्यांना जास्त ओढतं. तसाच ताठ ताणलेल्या कापडावर वारा दाबला की कोपऱ्यांतला ओढा वाऱ्याच्या सरळ जोरापेक्षाही मोठा होऊ शकतो. आमचा कठडा साडेचार इंची विटांचा आहे. माणसाने टेकावं एवढंच त्याचं काम. त्याला आय बोल्ट ठोकून कापड ताणणं म्हणजे एखाद्या वादळात विटा खाली गल्लीत पाडणं. आणि गल्लीत मुलं खेळतात.

ठरलं ते असं. पूर्वेचे दोन दोर खोलीच्या आरसीसी बीममध्ये. पश्चिमेला दोन लोखंडी खांब, घराच्या कोपऱ्यांतल्या कॉलमना धरून. पुढेमागे मजला चढवायचा म्हणून बांधतानाच कॉलम कठड्याएवढे वर काढून ठेवले होते, ते आता कामी येतील. गच्चीच्या फरशीला भोक पाडायचं नाही, कारण फरशीखाली वॉटरप्रूफिंगचा कोबा आहे. एकदा तो फुटला की पावसाळ्यात खालच्या छताला ओल धरते.

8 एप्रिल

कापडाचे नमुने आणले. शेतातल्या शेडनेटचाच हा दणकट भाऊबंद: एचडीपीईच्या धाग्यांची सच्छिद्र वीण, धाग्यात अतिनील किरणांपासून बचाव करणारं द्रव्य मिसळलेलं. ताडपत्री किंवा पीव्हीसीचं कापड आम्हाला नको होतं. त्यातून पाणी जात नाही हे खरं, पण खाली साठलेली गरम हवाही वर जात नाही. झोळ पडला, तर एक इंच पाण्याचं वजन दर चौरस मीटरला पंचवीस किलो.

जाडी मोजायचा सोपा मार्ग म्हणजे बरोबर एक फूट बाय एक फूट तुकडा कापून काट्यावर ठेवायचा. जितके ग्रॅम भरतील त्याला 10.76 ने गुणलं की जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, ते मिळतं. पहिला तुकडा 17 ग्रॅम, म्हणजे 183 जीएसएम. दुसरा 32 ग्रॅम, म्हणजे 344. हाताला दोन्ही जाडच वाटत होते. दुसरा घेतला.

लेबलवरचा टक्का नीट वाचावा लागतो. "95 टक्के" हा आकडा पुष्कळदा अतिनील किरणांबद्दलचा असतो, उजेड किती अडतो त्याचा आकडा वेगळा. तुकडा उन्हात धरून त्याखाली छापील पान ठेवलं आणि डोळ्यांना काय जाणवतं ते पाहिलं. फिक्या पिवळट रंगाखाली कागद चमकत राहतो. गडद तपकिरी रंगाखाली डोळे निवतात. गडद रंग स्वतः तापतो, पण विणीतून हवा खेळत असल्याने ती ऊब वर निघून जाते. मुलांना पुस्तक वाचायचं आहे, म्हणून तपकिरी.

12 एप्रिल

शिवणाऱ्याकडे माप दिलं. कापडाचं माप आणि खांबांमधलं अंतर एक नसतं. प्रत्येक कोपऱ्याशी शॅकल आणि टर्नबकल यांना दीड फूट जागा सोडली. पुढे ताणायला वाव तिथेच मिळतो.

कडा सरळ कापायच्या नाहीत, आतल्या बाजूला कमानीसारख्या कापायच्या. बारा फुटांच्या कडेला मधोमध जवळपास एक फूट खोली. या वळणामुळे कोपरे ओढले की कडही ताठ होते. सरळ कड सैल राहून वाऱ्यात फडफडते आणि फडफडणारं कापड शिवणीपाशी झिजतं. कडेच्या दुमडीत पॉलिएस्टरचा रुंद पट्टा घालायला सांगितला, कोपऱ्यांना चार पदरी कापड आणि स्टीलची कडी. दोऱ्यावर मी अडून बसले. साधा दोरा उन्हाने कापडाच्या आधी मरतो. पीटीएफईचा दोरा महाग, पण सूर्यप्रकाश त्याचं काही बिघडवत नाही.

मग इतवारीतल्या लोहा ओळीत जाऊन बाकीचं सामान घेतलं: आय बोल्ट, डी-शॅकल, टर्नबकल, वायर रोप आणि त्याचे क्लॅम्प. स्टेनलेस स्टील 304 प्रतीचं. रत्नागिरी-मालवणला असते तर 316 घेतलं असतं. त्यात मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेला ते जास्त टिकतं. आपल्या कोरड्या हवेत 304 भागतं.

17 एप्रिल

वेल्डर भाऊ सकाळी साडेसहाला आले. उशिरा आले असते तर लोखंडाला हात लागला नसता आणि केमिकल अँकरचं मिश्रणही उन्हात बोल्ट बसवायच्या आतच घट्ट झालं असतं.

खांब तीन इंची जाड पाइपचे, आतून-बाहेरून गॅल्व्हनाइज केलेले. प्रत्येकाला दोन पट्ट्या वेल्ड केल्या: खालची गच्चीच्या बीमच्या बाहेरच्या अंगाला, वरची कॉलमच्या डोक्याशी. दोन पट्ट्यांमध्ये जितकं अंतर, तितका खांब ओढ्याला चांगला टिकतो. दोन्ही खांब किंचित बाहेर झुकलेले ठेवले, म्हणजे कापडाने आत ओढलं तरी ते वाकडे दिसत नाहीत आणि ताणही सुटत नाही.

सगळ्यात बारकाईचं काम भोकांचं. ड्रिल झाल्यावर भोकात सिमेंटची भुकटी राहते आणि मिश्रण भिंतीला न चिकटता त्या भुकटीला चिकटतं. बोल्ट बसल्यासारखा दिसतो, पण पकड नसते. भाऊंनी प्रत्येक भोकात तारेचा ब्रश फिरवला, पंपाने हवा मारली, पुन्हा ब्रश, पुन्हा हवा. भुकटी यायची थांबेपर्यंत. मी म्हटलं, "भाऊ, कंटाळा नाही येत?" ते म्हणाले, "ताई, हे एकदा आत गेलं की कोणाला दिसत नाही. म्हणून आत्ताच पाहायचं." मिश्रण तळापासून भरत आणलं, आय बोल्ट हळूहळू फिरवत आत सारला, कडेने थोडं बाहेर ओघळलं. भोक पूर्ण भरल्याची तीच खूण. आज कोणी हात लावायचा नाही.

20 एप्रिल

कापड चढलं. टर्नबकल पूर्ण उघडे ठेवून आधी चारही कोपरे नुसते अडकवले, मग समोरासमोरचे कोपरे जोडीने आवळत गेलो. आटे फिरवण्याआधी त्यांना ग्रीस लावलं. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं घासलं तर आटे एकमेकांना धरून बसतात आणि मग कापावेच लागतात.

पहिल्या अर्ध्या तासात कापडाला सुरकुत्या होत्या. वायव्येचा कोपरा खाली ओढला गेला तसा कापडाला पीळ बसला: एका कर्णावर ते वर फुगलेलं, दुसऱ्यावर खाली दबलेलं. हा पीळच त्याचं बळ. सपाट कापड वाऱ्यात वर-खाली आपटतं. पीळ बसलेलं कापड वाऱ्याने वरून दाबलं तरी एका दिशेचे धागे ताणतात, खालून उचललं तरी दुसऱ्या दिशेचे. तळहाताने ठोकलं तेव्हा घट्ट आवाज आला. शेवटी टर्नबकलच्या दोन्ही डोळ्यांतून बारीक तार ओवून पिळली, म्हणजे वाऱ्याच्या थरथरीने आटे उलगडणार नाहीत.

23 एप्रिल

आईंनी आज कुरोड्या घातल्या. नऊला बाज कठड्याशी होती, दहाला मधोमध, अकराला कापडाच्या कडेशी, बाराला दारासमोर. ऊन आखल्यासारखं सहा फुटांत सरकत आलं. कडेच्या कमानीमुळे मधोमध थोडं जास्त रुंद, एवढाच फरक. सव्वादोनला ते भिंतीवर चढलं तेव्हा कुरोड्या वरून कडक झाल्या होत्या.

आणि चारला त्याच दारासमोर सतरंजी टाकून मुलं बसली. ज्या फरशीवर दुपारी पाय ठेववत नव्हता, ती दोन तासांच्या सावलीने बरीच निवली होती.

सावलीने हवा थंड होत नाही, हे मुलांना आज समजावलं. हवामान खात्याचा पारा मुळात सावलीतलाच असतो, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर. उन्हात उभ्या माणसाला त्या हवेखेरीज सूर्याचा आणि तापलेल्या स्लॅबचा मारा सोसावा लागतो. कापड तो मारा अडवतं. एका मुलाने विचारलं, "मग बातम्यांतलं 44 सावलीतलं असतं?" हो, सावलीतलंच. वर्ग एकदम गप्प झाला. उन्हात काम करणाऱ्या माणसांचा विचार त्यांच्या मनात आपोआप आला.

4 मे

दुपारी धुळीची वावटळ, मग वादळी पाऊस. कापड घुमलं, पण फडफडलं नाही. पाणी विणीतून गाळून खाली आलं. पाऊस थांबल्यावर चारही कोपरे पाहिले: तारा जागच्या जागी, बोल्टभोवती तडा नाही. नवं कापड पहिल्या काही दिवसांत सैलावतंच, म्हणून टर्नबकल थोडे आवळले. हवामान खात्याने मोठ्या वादळाचा किंवा गारपिटीचा इशारा दिला, तर कापड उतरवून ठेवायचं, असा नियम केला आहे. चार शॅकल सोडायला फार वेळ लागत नाही.

15 मे

साडेचारनंतरच्या उन्हासाठी पश्चिमेच्या दोन खांबांमध्ये वाळ्याचा पडदा लावला, दोरी ओढून गुंडाळता येईल असा. त्यावर पाणी मारलं की येणारी झुळूक गार होते. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, कूलरचंही तत्त्व हेच. वारा वाढला की पडदा आधी गुंडाळायचा, ही जबाबदारी मुलांनी स्वतःहून वाटून घेतली.

खालच्या बाईंनी संध्याकाळी वर येऊन विचारलं, इथे चूल मांडून कुरोडीचा चीक शिजवला तर? त्यांना नाही म्हटलं. हे प्लास्टिक आहे, धगीने वितळतं. शिजवायचं खाली, वाळवायचं वर.

26 मे

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, कालपासून लागला. आज नागपुरात शून्य सावलीचा दिवस. आपण साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहोत. सूर्य उत्तरेकडे सरकत आज नेमका आपल्या डोक्यावर आला. कोल्हापूरकरांनी हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात पाहिला, पुण्या-मुंबईने मेच्या मध्याला. जुलैत तो परत फिरताना पुन्हा डोक्यावर येईल, पण तेव्हा बहुधा ढग असतील.

बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास मुलांनी गच्चीवर बाटल्या, पट्ट्या, पेन्सिली उभ्या केल्या. एकालाही सावली नव्हती. कापडाची सावली मात्र बरोबर कापडाखाली, कमानींसकट, जणू फरशीवर छापलेली. शिवणाऱ्याला दिलेला नकाशा मुलांनी तिच्याशी ताडून पाहिला. अर्ध्या तासाच्या आत सावली खोलीकडे सरकू लागली.

9 जून

पावसाचे ढग दिसू लागले तसं कापड उतरवलं. पाऊस त्यातून गळून जाईल, पण ढगाळ दिवसांत त्याची गरज नाही आणि वादळात उगाच ताण नको. साबणाच्या कोमट पाण्याने धुतलं, पूर्ण वाळवलं, घडी घालून लोखंडी पेटीत ठेवलं. टर्नबकलना ग्रीस लावून कापडी पिशवीत. बोल्टभोवतीच्या काँक्रीटवरून बोट फिरवून पाहिलं, सगळं घट्ट आहे.

गल्लीतल्या दोन घरांना पुढच्या उन्हाळ्यात हेच करायचं आहे. त्यांच्यापैकी एकांची फ्लॅटमधली छोटी बाल्कनी आहे. त्यांना स्पष्ट सांगितलं, बाल्कनीचं रेलिंग ओढ्यासाठी नसतं, तिथे ताणलेलं कापड नको. वरच्या स्लॅबपासून लोंबणारा, गुंडाळता येणारा पडदाच बरा. दुसऱ्यांची गच्ची आमच्यासारखीच आहे, पण पूर्वेला उघडी. आमचा नकाशा त्यांना चालणार नाही. त्यांचं ऊन वेगळ्या वेळी येतं आणि घरातले आजोबा सकाळी आठला बाहेर बसतात.

म्हणून त्यांना मी क्रम लिहून दिला. आधी वेळ ठरवा: कोण, कुठे, किती वाजता बसणार. मग बांबू उभा करून सावलीची वाट पाहा. मग बांधायला काँक्रीट कुठे आहे ते शोधा आणि ते जाणत्या माणसाला दाखवा. नसेल, तर बेत बदला. कापड, जाडी, रंग, किंमत हे सगळं त्यानंतर. आजोबांच्या खुर्चीवर मे महिन्यात सकाळी आठला सावली यायला हवी आणि कठड्याची एकही वीट हलायला नको, एवढं साधलं की पैसे कारणी लागले. रविवारी माझी मुलं त्यांच्याकडे बांबू घेऊन जाणार आहेत.